एकच काउंटी, पाच इंग्रजी स्पेलिंगं: डॉ. कोटणीसांच्या ‘तांग’चं नाव कसं लिहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका शाळेसाठी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर माहितीफलक तयार होत आहेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये ज्या काउंटीत त्यांचं निधन झालं, तिचं नाव इंग्रजी पुस्तकांत आणि नकाशांत पाच प्रकारे सापडलं. एकीकडे टी, मग अपॉस्ट्रॉफी, मग ए-एन-जी आणि पुढे सुटं एच-एस-आय-ई-एन. दुसरीकडे तेच, पण अपॉस्ट्रॉफी गाळून आणि दोन्ही भाग जोडून. तिसरीकडे टी-ए-एन-जीला चिकटून एक्स-आय-ए-एन. चौथीकडे या तिसऱ्या रूपापुढे आणखी ‘काउंटी’. पाचवीकडे नुसतं टी-ए-एन-जी आणि ‘काउंटी’. ही पाच वेगळी ठिकाणं आहेत का, कोणतं बरोबर, आणि मराठीत काय लिहायचं?

जागा एकच आहे. हेबेई प्रांतातल्या बाओदिंग शहराच्या अखत्यारीतली, ताइहांग डोंगररांगेच्या पायथ्याची काउंटी. पाचही रूपं आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या काळातल्या आणि वेगवेगळ्या नियमांची आहेत. इंग्रजी मजकुरात मी पाचवं रूप वापरेन आणि मराठीत ‘तांग काउंटी’ लिहीन. ‘टँग’ नको, ‘तांगझियान’ तर मुळीच नको. चिनी मजकूर मराठीत आणण्याच्या आणि नकाशांच्या नामसूची तपासण्याच्या कामात असे गुंते नेहमी येतात, म्हणून कारणं जरा सविस्तर सांगतो.

चिनीत हे नाव दोन चिन्हांचं आहे. पहिलं चिन्ह तांग राजवंशाच्या नावातलंच. पण काउंटीचं नाव राजवंशावरून पडलेलं नाही. स्थानिक परंपरा त्याचा संबंध त्याही आधीच्या याओ या पुराणपुरुषाशी लावते. सम्राट होण्यापूर्वी तांग प्रदेश त्याच्याकडे होता, असं तिथे सांगतात. दुसऱ्या चिन्हाचा उच्चार साधारण ‘श्येन’ आणि अर्थ काउंटी. म्हणजे चिनी माणूस जेव्हा ‘तांगश्येन’ म्हणतो तेव्हा त्याने ‘तांग काउंटी’ असंच म्हटलेलं असतं. तुमच्या पाच स्पेलिंगांपैकी निम्मा गोंधळ या दुसऱ्या चिन्हामुळे आहे आणि उरलेला पहिल्याच अक्षरामुळे, म्हणजे ‘टी’मुळे.

आधी ‘श्येन’ घेऊ. एच-एस-आय-ई-एन आणि एक्स-आय-ए-एन हा एकच उच्चार आहे. पहिलं रूप वेड-जाइल्स या, चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या, पद्धतीचं. थॉमस वेड यांनी १८६७ साली चिनी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या पाठ्यपुस्तकातून ही पद्धत आली आणि हर्बर्ट जाइल्स यांच्या १८९२ च्या शब्दकोशाने ती पक्की झाली. दुसरं रूप पिनयिनचं. चीनने ही पद्धत ११ फेब्रुवारी १९५८ रोजी मंजूर केली. संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांच्या परिषदेने १९७७ साली ती चिनी स्थलनामांसाठी स्वीकारली आणि १ जानेवारी १९७९ पासून चीन सरकारच्या परदेशी भाषांतल्या मजकुरात ती रूढ झाली. त्यामुळे हातातल्या पुस्तकाचं साल पाहिलं की स्पेलिंगचा उलगडा बहुतेक वेळा तिथेच होतो. १९७९ च्या आधीचं असेल तर एच-एस, नंतरचं असेल तर एक्स. अपवाद पुनर्मुद्रणांचा: मुखपृष्ठावर नवं साल आणि आत जुनी स्पेलिंगं असं सर्रास दिसतं.

पिनयिनमधला एक्स म्हणजे ‘श’. आपली वर्तमानपत्रं आता ‘शी जिनपिंग’ बिनचूक लिहितात आणि मोबाइलच्या दुकानात ‘शाओमी’ही नीट म्हटलं जातं. तरी स्थलनाम आलं की हात आपोआप ‘झ’कडे किंवा ‘क्स’कडे वळतो. ‘तांगझियान’ आणि ‘तांगक्सियान’ ही दोन्ही रूपं मी मराठी मजकुरात वाचली आहेत. उच्चार म्हणूनही ती चुकतात आणि लिप्यंतर म्हणूनही.

तुमच्या यादीतलं दुसरं रूप, अपॉस्ट्रॉफी नसलेलं आणि जोडून लिहिलेलं, हे टपाल खात्याचं. चीनच्या साम्राज्यकालीन टपाल खात्याने १९०६ साली शांघायमध्ये बैठक घेऊन स्थलनामांची रोमन रूपं ठरवली. तारेत आणि पाकिटावर चिन्हं अडचणीची होतात, म्हणून त्यांनी अपॉस्ट्रॉफी आणि जोडरेघा काढून टाकल्या. टपालाच्या दृष्टीने ही सोय होती, पण पुढे नकाशे वाचणाऱ्यांना तिचा चांगलाच ताप झाला. कारण वेड-जाइल्समध्ये तो अपॉस्ट्रॉफी शोभेचा नाही. टीनंतर अपॉस्ट्रॉफी असेल तर उच्चार ‘थ’च्या जवळचा आणि नसेल तर ‘त’च्या जवळचा. चिनीत हे दोन स्वतंत्र ध्वनी आहेत, जसे ते मराठीतही आहेत. इंग्रजी कानाला हा फरक सहजी जाणवत नाही, त्यामुळे टपालवाल्यांनी तो निर्धास्त गाळला.

परिणाम काय होतो ते एका जोडीवरून दिसेल. हेबेई प्रांतातलं तांगशान हे शहर २८ जुलै १९७६ च्या भूकंपामुळे जगाला माहीत झालं. आन्ह्वेई प्रांतात दांगशान नावाची काउंटी आहे, ती नासपतींसाठी प्रसिद्ध. वेड-जाइल्समध्ये या दोन नावांत फरक फक्त त्या अपॉस्ट्रॉफीचा आहे. तो गाळला की दोन्ही एकच. पिनयिनने हा प्रश्न सोडवला: ‘थ’च्या जवळच्या ध्वनीला टी, ‘त’च्या जवळच्या ध्वनीला डी. म्हणून पिनयिन मजकुरात आपल्या काउंटीच्या टीनंतर अपॉस्ट्रॉफी कधीही घालू नका. तो घातला की दोन पद्धतींची खिचडी होते आणि जाणकाराला लगेच खटकते.

पिनयिनमध्येही अपॉस्ट्रॉफी असतो, पण त्याचं काम निराळं आहे. तो अक्षरगट तोडून दाखवतो. कोटणीस ज्यात होते ते भारतीय वैद्यकीय पथक ज्या यानआनला पोचलं त्याच्या स्पेलिंगमध्ये तो आहे, शी’आन या शहराच्या स्पेलिंगमध्येही आहे. शी’आनच्या नावातून तो गळला की उरतं एक्स-आय-ए-एन, म्हणजे नेमकं आपलं ‘श्येन’. यंत्राने केलेल्या भाषांतरांत त्यामुळे ‘तांग, शियान शहर’ असले चमत्कार निघतात. शी’आन शान्शी प्रांताची राजधानी आहे आणि आपली काउंटी तिच्यापासून शेकडो किलोमीटर ईशान्येला आहे.

आता तिसरं, चौथं आणि पाचवं रूप. तिन्ही पिनयिनचीच, पण ‘काउंटी’चं काय करायचं यावर मतभेद. चिनी काउंट्यांची नावं बहुधा दोन अक्षरगटांची असतात: फूपिंग, वांगदू, छुयांग. तिथे काउंटी हा शब्द गाळला तरी नाव उभं राहतं. पण ज्यांचं मूळ नाव एकाच अक्षरगटाचं आहे त्यांना चिनी माणूस एकटं उच्चारत नाही. नुसतं ‘तांग’ म्हटलं तर राजवंश की आडनाव की आणखी काही, हे कळणार नाही. म्हणून अशा नावांत ‘श्येन’ नावाचाच भाग मानायचा, जोडून लिहायचं आणि इंग्रजीत वर पुन्हा ‘काउंटी’ लावायचं, अशी चीनमधल्या इंग्रजी मजकुराची रीत आहे. आपण ‘गाडी मागे रिव्हर्स घे’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. पाश्चात्त्य संशोधकांना हा दुहेरीपणा रुचत नाही, ते मूळ नाव आणि ‘काउंटी’ एवढंच ठेवतात. दोन्हींमागे विचार आहे. तुमच्या फलकावरच्या इंग्रजी ओळीसाठी मी दुसरी रीत घेईन, कारण मराठी ओळीशी ती सरळ जुळते आणि विद्यार्थ्याला एक्सच्या उच्चाराशी झगडावं लागत नाही. मात्र तिथल्या एखाद्या संस्थेचा पत्ता द्यायचा असेल तर तो त्यांनी लिहिला आहे तसाच, जोडून ठेवा.

एकाक्षरी काउंट्यांचा हा वर्ग फार फसवा आहे, म्हणून त्यावर थोडं रेंगाळतो. पिनयिनमध्ये स्वरचिन्हं, म्हणजे उच्चारातला आवाजाचा चढउतार दाखवणाऱ्या खुणा असतात, पण छापील इंग्रजीत ती कोणी ठेवत नाही. मग काय होतं पाहा. बाओदिंगच्याच अखत्यारीत यी काउंटी आहे, छिंग सम्राटांच्या पश्चिम समाध्या तिथे आहेत. ल्याओनिंग प्रांतात दुसरी यी काउंटी. आन्ह्वेईत तिसरी, होंगत्सुन आणि शीदी ही जागतिक वारशाची गावं असलेली. इंग्रजीत तिघींचं स्पेलिंग अक्षरशः एक. त्यातल्या पहिल्या दोघींचा तर चिनी स्वरही एकच, फक्त चिन्हं वेगळी. ‘ली’ काउंटीची गोष्ट याहून वरची: हेबेई, गान्सू, सिच्वान आणि हूनान या चार प्रांतांत एकेक ली काउंटी आहे आणि चौघींचा स्वरही तोच. चिनी माणसालासुद्धा नुसत्या उच्चारावरून ती कोणती हे सांगता येणार नाही. म्हणूनच एकाक्षरी काउंटीचं नाव प्रांताशिवाय कधी लिहू नये. ‘तांग काउंटी, हेबेई प्रांत’ हे फलकावर पहिल्यांदा पूर्ण लिहा, नंतर हवं तर आटोपशीर करा.

कोटणीसांच्या बाबतीत सख्ख्या शेजाऱ्यांची नावंही सापळा लावून बसलेली आहेत. तांगच्या पश्चिमेला फूपिंग काउंटी आहे, युद्धकाळात कम्युनिस्टांच्या जपानविरोधी तळप्रदेशाची सूत्रं जिथून हलत त्यांपैकी एक. पण शान्शी प्रांतातही फूपिंग आहे, उच्चाराने आणि स्वराने हुबेहूब तेच. पथक शान्शीतल्या यानआनहून पुढे हेबेईकडे गेल्यामुळे चरित्रात दोन्ही प्रांत येतात, आणि नकाशावर चुकीच्या फूपिंगला टाचणी टोचली तर सगळा प्रवासच उलटा दिसतो. दुसरी शेजारीण शुनपिंग. जुन्या नकाशावर ती सापडणार नाही, कारण १९९३ पर्यंत तिचं नाव वान काउंटी होतं. आणि ‘वान’ शोधायला गेलात तर यांगत्से नदीवरचं, तेव्हा सिच्वानमध्ये असलेलं वानश्येन समोर येईल, ब्रिटिश गनबोटींनी १९२६ साली तोफा डागल्या ते. तिसरी अडचण ‘तांगह’. ‘ह’ म्हणजे नदी, आणि तांग नदी खरोखरच तांग काउंटीतून वाहते. पण हनान प्रांतात तांगह नावाची काउंटीही आहे. ती अर्थातच वेगळी. आणि एका अक्षराच्या फरकाने चकवणारं तुंगश्येन: ते बीजिंगच्या पूर्वेचं, आताचा तोंगजौ जिल्हा.

प्रांताचं नावही तपासा. हेबेईला जुन्या इंग्रजीत एच-ओ-पी-ई-आय किंवा एच-ओ-पी-ई-एच लिहीत. ‘होपेई’ आणि ‘होपेह’ ही मराठी रूपं तिथून आली. १९२८ पूर्वी याच प्रांताचं नाव चिली होतं, म्हणजे पिनयिनमधलं जली. दक्षिण अमेरिकेतल्या देशाशी त्याचा काही संबंध नाही, हे शाळेचा फलक आहे म्हणून लिहून ठेवतो.

आता मराठीकडे येऊ, कारण खरा निर्णय तिथे आहे. मराठीत त आणि थ, क आणि ख वेगळे आहेत, म्हणून चिनी उच्चार इंग्रजीपेक्षा आपल्या लिपीत जास्त नेमका उतरतो. उच्चार जसाच्या तसा घ्यायचा तर आपली काउंटी ‘थांग’ होईल, बाओदिंगचं ‘पाओतिंग’ होईल आणि बीजिंगचं ‘पैचिंग’. पद्धत म्हणून हे चोख आहे. मराठीत काही जणांनी हेबेईला ‘हपै’ लिहिलं आहे ते याच विचाराने. दुसरी वाट पिनयिनच्या अक्षरांमागे जाण्याची: टीला त, डीला द, बीला ब, जीला ग. ‘तांग’, ‘बाओदिंग’, ‘बीजिंग’. उच्चार थोडा सुटतो, पण वेगळी नावं वेगळीच राहतात.

यातली कोणतीही एक वाट निवडा. दोन्ही एकाच फलकावर आल्या तर मात्र घोटाळा अटळ आहे, कारण ‘तांग’ हे रूप दोन्ही वाटांवर लागतं आणि दोन वेगळ्या नावांसाठी लागतं. उच्चारवाल्यांचं ‘तांगशान’ म्हणजे आन्ह्वेईतली नासपतींची काउंटी, अक्षरवाल्यांचं ‘तांगशान’ म्हणजे भूकंपाचं शहर. टपालवाल्यांनी १९०६ साली इंग्रजीत जी गल्लत केली तीच आपण त आणि थ हाताशी असताना देवनागरीत करू.

तुमच्या कामासाठी मी अक्षरांची वाट सुचवतो. एक तर ‘तांग राजवंश’ मराठीत पक्का रुजला आहे आणि काउंटीचं चिन्ह तेच आहे. राजवंश ‘तांग’ आणि काउंटी ‘थांग’ लिहिली तर विद्यार्थ्याला तो दुवा कधीच दिसणार नाही. दुसरं म्हणजे उच्चाराची वाट ‘प’पाशी अडते. चिनी ‘पिंग’ काटेकोरपणे लिहायचं तर ‘फिंग’ लिहावं लागेल, आणि आज शहरी मराठीत फ बहुतेकांच्या तोंडी ओठ-दातांचा येतो. मग फूपिंगचं जे होईल ते चिनीही नसेल आणि मराठीही. ‘टांग’ किंवा ‘टँग’ मात्र टाळा. ट हा इंग्रजी टीच्या सवयीचा आहे आणि मधला ‘ॅ’ इंग्रजी वाचनाचा. चिनी नावात दंत्य ध्वनी आणि सरळ ‘आ’ आहे, आणि मराठीत ‘टांग’ म्हटल्यावर वर्गात काय होईल ते मी सांगायला नको.

याच नियमाने फलकावरची इतर नावं. कोटणीसांनी जिथे काम केलं आणि जिथे देह ठेवला ते गाव पिनयिनमध्ये जी-ई-जी-ओ-एन-जी. मराठीत ‘गेगाँग’ असं दिसतं, मी ‘गगुंग’ लिहीन. पहिल्या अक्षरातला ई इथे ‘ए’ नाही, ‘अ’कडे झुकणारा आहे, आणि ओ-एन-जी म्हणजे ‘उंग’. जुन्या वेड-जाइल्स रूपात ते ‘को-कुंग’ दिसेल, तेही याच गावाचं नाव. आपण ‘कुंग फू’ म्हणतो तो क याच जुन्या स्पेलिंगमधून आला आहे आणि गंमत म्हणजे उच्चाराला तोच जवळचा आहे. कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी याच तांग काउंटीत, ह्वांगशकौ गावी वारले. काही इंग्रजी चरित्रांत गावाच्या नावाचं थेट भाषांतर करून ‘पिवळ्या दगडाचं गाव’ लिहिलेलं आहे, ते वेगळं ठिकाण समजू नका. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. त्यांचं चिनी नाव ‘क दीह्वा’. जुन्या मजकुरात ते के-अपॉस्ट्रॉफी-ओ असं सुरू होतं, नव्यात के-ई असं. पत्नी ग्वो छिंगलान आणि १९४२ साली जन्मलेला मुलगा यिनह्वा. ‘यिन’ भारताचा आणि ‘ह्वा’ चीनचा, त्यामुळे हे नाव ‘यिंगहुआ’ वगैरे झालं तर अर्थच जातो. तिथे जपून लिहा.

‘काउंटी’ला मराठीत काय म्हणायचं, असंही कोणी विचारेल. काही जुन्या मजकुरात ‘परगणा’ आहे, काहींत ‘जिल्हा’. ‘जिल्हा’ मी टाळतो, कारण चीनमध्ये शहरांतर्गत जिल्हा नावाचा वेगळा घटक त्याच पातळीवर आहे, वर उल्लेखलेला तोंगजौ तसाच. श्रेणीच्या दृष्टीने ‘तालुका’ जवळचा: वर बाओदिंग, खाली तांग, त्याखाली गावं. पण चिनी काउंटीचा कारभार आणि इतिहास तालुक्याहून भारदस्त आहे, चिनी राज्यव्यवस्थेत ही पातळी दोन हजारांहून जास्त वर्षं टिकून आहे. म्हणून नावात ‘काउंटी’ ठेवा आणि पहिल्या उल्लेखाशेजारी ‘आपल्या तालुक्यासारखा प्रशासकीय घटक’ असं एकदा लिहा. एक बारकावा: काउंटीचं मुख्य ठिकाण रनहौ नावाचं नगर आहे. नकाशावर ठिपक्याशेजारी कधी तांगश्येन असतं, कधी रनहौ. गगुंग त्या ठिपक्यावर नाही, तेव्हा ‘तांग शहरात निधन झालं’ असं वाक्य नको.

नकाशा शोधताना स्पेलिंगवर विसंबूच नका. चीनमध्ये प्रत्येक काउंटीला सहा आकडी प्रशासकीय संकेतांक आहे. तांग काउंटीचा १३०६२७. पहिले दोन आकडे हेबेईचे, मधले दोन बाओदिंगचे, शेवटचे दोन काउंटीचे. नकाशा करणाऱ्याला हा आकडा द्या, म्हणजे यी, ली, वान यांच्या भानगडीत तो पडणारच नाही. पडताळ्यासाठी शेजार पाहा: उत्तरेला लाइयुआन, पश्चिमेला फूपिंग, नैर्ऋत्येला छुयांग, ईशान्येला शुनपिंग, आग्नेयेला वांगदू. ही नावं भोवती दिसली तर काउंटी बरोबर सापडली. आणि समाधीचं छायाचित्र लावणार असाल तर त्याखाली तांग काउंटी लिहू नका. बेथ्यून आणि कोटणीस यांच्या समाध्या आज शजियाजुआंग इथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहेत. तांग काउंटीत आहे ते दोघांचं स्मारक-संग्रहालय.